तरुण वैद्यकीय संशोधकांसाठी छोटा निधी उभा करायचा आहे. पैसा नेमका कुठे द्यावा?

शुक्रतारा

नमस्कार. इथे बरेच जण वैद्यकीय संशोधनात आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून तुमच्यापुढेच विषय मांडते.

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला. निदान झाल्यापासून सात महिने मिळाले. त्याच्या वॉर्डात एक तरुण डॉक्टर होती. दिवसभर रुग्ण बघायची आणि संध्याकाळी नमुन्यांच्या कुप्या घेऊन लॅबमध्ये जायची. ट्यूमर औषधाला दाद का देत नाही, यावर तिचं काम चाललं होतं. तिने विचारल्यावर भावाने रक्त आणि ऊतीचा तुकडा द्यायला लगेच होकार दिला. "मला याचा उपयोग नाही हे कळतंय, पण घ्या," असं म्हणाला. तो गेल्यावर पाचेक महिन्यांनी मी तिला भेटायला गेले. तिची फेलोशिप संपली होती, पुढचीचा निकाल लागायला अवकाश होता आणि घर तिच्या पगारावर चालत होतं. तिने संशोधन सोडून पूर्णवेळ रुग्णसेवा धरली होती. फ्रीझरमधल्या नमुन्यांचं काय झालं असं मी विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला सांगता येईना.

भावाच्या विम्याचे पैसे आणि आईने घातलेली भर मिळून एक निधी करायचा आहे. एका संशोधकाचा दोन-तीन वर्षांचा पगार निघेल, एवढाच. उपकरण घेऊन द्यावं, परिषदांचा प्रवासखर्च द्यावा, पुरस्कार ठेवावा की फेलोशिप? आईचा कल उपकरणाकडे आहे, कारण त्यावर नावाची पाटी लागते. तुम्ही काय सुचवाल?

काचपात्र

शुक्रतारा, तुमच्या भावाचं वाक्य वाचून बराच वेळ काही लिहवेना.

मी एक लहान लॅब चालवतो, तेव्हा आधी हे सांगतो: उपकरण नको. यंत्र आलं की त्याची देखभाल, त्यासाठी लागणारी रसायनं, ते चालवणारा माणूस, हे सगळं मागोमाग येतं आणि त्याचे पैसे कुणीच देत नाही. धूळ खात पडलेली, पाटी लावलेली यंत्रं मी पाहिली आहेत. पैसा माणसाला द्या.

यामागे अनुभवही आहे आणि थोडा पुरावाही. अमेरिकेतली हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूट १९५३ मध्ये स्थापन झाली. 'प्रकल्पाला नाही, माणसाला पैसे' हे तिचं धोरण. काही वर्षं सलग निधी देते, मध्येच दिशा बदलली तरी हरकत घेत नाही. २०११ मध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी या संस्थेच्या संशोधकांची तुलना त्याच तोलाच्या, पण एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या अनुदानावर चालणाऱ्या संशोधकांशी केली. सुरुवातीचं अपयश पोटात घालणाऱ्या निधीवर काम करणाऱ्यांकडून खूप गाजलेले शोधनिबंध बरेच जास्त आले. त्यांचे फसलेले प्रयोगही जास्त होते, आणि मला तीच गोष्ट महत्त्वाची वाटते.

तरुणांचा प्रश्न वेगळाच. एनआयएचचं पहिलं मोठं स्वतंत्र अनुदान मिळण्याचं सरासरी वय १९८० च्या सुमारास ३६ च्या आसपास होतं. आता ते ४० च्या पुढे गेलं आहे. म्हणजे पीएचडी किंवा एमडी झाल्यावर दहा-दहा वर्षं माणूस दुसऱ्याच्या अनुदानावर, करारावर, आज आहे उद्या नाही अशा नोकरीवर असतो. गळती होते ती याच काळात.

मोगरा

एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या कॅटालिन कारिको आठवल्या. अनुदानाचे अर्ज एकामागून एक फेटाळले गेले, १९९५ मध्ये पदावनती झाली, आणि २०२३ मध्ये नोबेल. चिकाटी असली की मार्ग निघतो असं वाटतं.

काचपात्र

मोगरा, त्यांच्याबद्दल मलाही अतोनात आदर आहे. पण शुक्रतारांच्या गोष्टीतली डॉक्टर चिकाटीत कुठे कमी होती? कारिकोंची गोष्ट आपल्याला कळते, कारण त्या टिकल्या. ज्यांना टिकता आलं नाही त्यांचे फ्रीझर कुणी उघडून बघत नाही.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे आणि संशोधनही करते, तेव्हा त्या डॉक्टरच्या जागी स्वतःला सहज ठेवू शकते.

डॉक्टर-संशोधकाला पैशाइतकाच वेळ लागतो. आम्ही त्याला 'प्रोटेक्टेड टाइम' म्हणतो: आठवड्यातले इतके दिवस वॉर्डातून सुटका, ओपीडी नाही, कॉल नाही. कागदावर तो लगेच मिळतो. माझ्या पहिल्या फेलोशिपमध्ये तीन चतुर्थांश वेळ संशोधनाला ठरला होता. तिसऱ्या महिन्यात विभागातले दोघं सोडून गेले आणि माझं नाव पुन्हा ड्यूटीच्या तक्त्यावर आलं. कुणाचा हेतू वाईट नव्हता. रुग्ण समोर असताना 'माझा लॅबचा दिवस आहे' असं तोंडातून निघत नाही. वर्षाअखेरीस हिशेब केला तेव्हा संशोधनाला पाव वेळही मिळाला नव्हता, आणि अहवालात मात्र मला 'अपेक्षित प्रगती का झाली नाही' याचं उत्तर लिहायचं होतं.

म्हणून तुम्ही पैसे द्याल तेव्हा विभागप्रमुखाकडून लेखी घ्या की या व्यक्तीच्या जागी वॉर्डात कोण उभं राहणार. नाव लिहून घ्या. 'योग्य ती व्यवस्था करू' एवढ्यावर भागवू नका. जमलं तर त्या बदली डॉक्टरच्या पगाराचा काही भाग तुमच्या निधीतून द्या. असा खर्च सहसा कुणी देत नाही, आणि नेमकं तिथेच सगळं अडतं.

आणखी एक. शिक्षणकर्ज हे डॉक्टरांना संशोधनातून ओढून नेणारं मोठं कारण आहे. डेमन रनियन कॅन्सर रिसर्च फाउंडेशन १९४६ पासून तरुण कर्करोग-संशोधकांना पैसे देतं. त्यांच्या डॉक्टरांसाठीच्या एका योजनेत पगाराच्या जोडीला वैद्यकीय शिक्षणाचं १,००,००० डॉलरपर्यंतचं कर्जही फेडलं जातं. ही योजना आखणारा माणूस कधीतरी कर्जदारांबरोबर बसलेला असणार.

झाडाखाली

शुक्रतारा, तुमच्या भावनेचा पूर्ण मान राखून वेगळं मत मांडतो.

वैद्यकीय संशोधन ही समाजाची गरज आहे आणि तिचा भार करातून उचलला जायला हवा. धर्मादाय निधी आला की सरकारांना हात आखडता घ्यायला निमित्त मिळतं. शिवाय देणगी भावनेच्या मागे जाते. ज्या आजाराला चेहरा आहे, ज्याचे रुग्ण आणि नातलग बोलू शकतात, त्याला पैसा मिळतो. मानसिक आजार आणि दुर्लक्षित संसर्ग मागे राहतात.

आणि देणाऱ्याला वाटतं आपण गरजूला दिलं, पण मिळतं बहुधा ज्याला आधीच मिळालेलं असतं त्याला. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांच्या अनुदानांवर एक अभ्यास आला. निवडीच्या रेषेच्या जेमतेम वर राहिलेले आणि जेमतेम खाली राहिलेले, म्हणजे गुणवत्तेत जवळपास सारखेच, असे दोन गट घेतले. पुढच्या ८ वर्षांत वरच्या गटाने खालच्या गटाच्या दुपटीहून जास्त निधी मिळवला. एका निकालाने दोन आयुष्यं इतकी लांब गेली.

उंबरठा

झाडाखाली, त्या अभ्यासातला खालचा गट म्हणजे मी. अक्षरशः.

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या कराराच्या संशोधनाच्या, चौथ्या वर्षी एका फेलोशिपच्या अंतिम यादीत होते. मुलाखत चांगली झाली. नंतर पत्र आलं की प्रस्ताव 'निधीयोग्य' आहे, पण निधी अपुरा आहे. पुढच्या फेरीला अकरा महिने होते. माझा करार सहा महिन्यांनी संपणार होता. मधल्या पाच महिन्यांत काय करायचं, हे कुठल्याच पत्रात नव्हतं. उंदरांची जी पैदास दोन वर्षं सांभाळली होती ती बंद करावी लागली, कारण पिंजऱ्यांचं भाडं माझ्या नावावर होतं. मी शिकवण्या घेतल्या, हस्तलिखितं तपासून दिली आणि रात्री जुन्या डेटावर काम करत राहिले. पुढच्या फेरीत मिळालं. पण उंदरांची ती पैदास परत उभी करण्यात दीड वर्ष गेलं.

तुम्ही सांगितलेल्या अभ्यासात एक बारकावा आहे. खालच्या गटातल्यांना पुढे कमी निधी मिळाला याचं एक कारण असं की त्यांनी अर्ज करणंच कमी केलं. आणि २०१९ मध्ये एनआयएचच्या अर्जदारांवर असाच दुसरा अभ्यास झाला. थोडक्यात हुकलेल्या तरुणांपैकी दहातला एकाहून जास्त जण त्या व्यवस्थेतून कायमचे दिसेनासे झाले. जे टिकले त्यांचं पुढचं काम मात्र थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा सरस निघालं. म्हणजे हुकलेल्यांमध्ये दम होता. त्यांना थांबायला जागा नव्हती.

शुक्रतारा, माझी विनंती एवढीच आहे. नवी फेलोशिप काढू नका. मोठ्या संस्था त्या काढतातच, आणि तुमचे पैसे एका माणसात संपून जातील. तुम्ही ते पाच महिने द्या. एक करार संपून दुसरा सुरू व्हायच्या आधीचा पगार, नमुने आणि प्राणी जिवंत ठेवण्याचा खर्च. त्याला ब्रिज फंडिंग म्हणतात. दोन-तीन वर्षांच्या पगारात असे पाच-सहा जण तगतील.

रात्रपाळी

उंबरठा यांना संपूर्ण अनुमोदन. शुक्रतारा, तुमच्या भावाचे नमुने नेमके याच खिंडीत हरवले.

जुनी वही

निवृत्त झाले आहे. आधी बरीच वर्षं निवड समित्यांवर होते, म्हणून दोन गोष्टी लिहिते.

पहिली अर्जाबद्दल. कृपा करून अर्ज दोन पानांचा ठेवा. ऑस्ट्रेलियात २०१२ च्या एका राष्ट्रीय अनुदान फेरीचा हिशेब कुणीतरी केला होता: सगळ्या संशोधकांचा मिळून सुमारे ५५० वर्षांचा कामाचा वेळ अर्ज लिहिण्यात गेला, आणि पाचातला साधारण एक मंजूर झाला. उरलेल्या चौघांचा तो वेळ रुग्णांच्याही कामी आला नाही. उंबरठांसारख्या अर्जदारांनी आधीच कुठेतरी पूर्ण प्रस्ताव दिलेला असतो, त्याची छाननीही झालेली असते. ते पत्र आणि तो प्रस्ताव आहे तसाच घ्या. तुम्हाला वेगळे तज्ज्ञ नेमावे लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट निवडीबद्दल, आणि ही मी जड मनाने सांगते. अगदी वाईट अर्ज आणि अगदी उत्तम अर्ज ओळखता येतात. मधल्या ढिगातला कुठला सहाव्या क्रमांकाचा आणि कुठला नवव्या, हे आम्हाला कळत नव्हतं. आम्ही कळतंय असं समजून चर्चा करायचो. त्या चर्चेत ओळखीच्या लॅबचं नाव, इंग्रजीची सफाई, मुलाखतीतला आत्मविश्वास यांनी पारडं झुकायचं. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने एका योजनेत पात्र अर्जांमधून सरळ चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. जर्मनीतल्या फोल्क्सवागन फाउंडेशननेही धाडसी कल्पनांच्या योजनेत सोडत वापरून पाहिली. आधी मला हे पटत नव्हतं. आता पटतं. पात्र कोण, एवढं नीट तपासा आणि त्यातून चिठ्ठी काढा. ज्याची चिठ्ठी निघाली नाही त्याला निदान असं वाटणार नाही की आपण कमी पडलो.

मोगरा

चिठ्ठीची कल्पना वाचून आधी दचकले, पण शेवटचं वाक्य पटलं.

पारवा

मुलं लहान असलेल्यांचा विचार करा. जर्मन जीवशास्त्रज्ञ ख्रिस्तियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांना १९९५ मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी २००४ मध्ये एक प्रतिष्ठान काढलं. ते तरुण संशोधक आयांना घरकामाच्या मदतीसाठी आणि मूल सांभाळणाऱ्या बाईसाठी दरमहा पैसे देतं. रसायनं घ्यायला नाही, भांडी घासून घ्यायला. अशा मदतीला लाज चिकटलेली असते, ती त्यांनी एका फटक्यात काढून टाकली. अमेरिकेत डोरिस ड्यूक फाउंडेशनने २०१५ मध्ये घरी कुणाची तरी काळजी घ्यावी लागणाऱ्या तरुण डॉक्टर-संशोधकांसाठी वेगळा निधी काढला. त्यातून लॅबमध्ये जादा हात ठेवता येतो. मी स्वतः आईच्या आजारपणात दीड वर्ष काम अर्ध्यावर आणलं होतं. त्या काळात एक तंत्रज्ञ मिळाला असता तर माझा प्रकल्प दुसऱ्या कुणी आधी पूर्ण केला नसता.

हिशेबनीस

अनुदान कार्यालयात हिशेबाचं काम केलं आहे. कंटाळवाणं लिहितो, पण पुढे उपयोगी पडेल.

संस्थेला दिलेला पैसा पूर्ण संशोधकापर्यंत पोचत नाही. वीज, इमारत, प्रशासन यासाठी संस्था काही टक्के घेते, तो ओव्हरहेड. हा खर्च खरा असतो, त्यामुळे 'एक पैसाही ओव्हरहेड देणार नाही' असा हट्ट धरू नका. पण मर्यादा लिहून ठेवा. गेट्स फाउंडेशनसारखा मोठा दाताही अमेरिकी विद्यापीठांना १० टक्क्यांपर्यंतच देतो. तुमची रक्कम छोटी आहे. पगाराच्या ओळीत पगारच जाईल असा करार करा, त्यात प्रसूतीरजा आणि आजारपणाची रजा धरा. रजेच्या काळात मुदत थांबेल, हेही लिहा.

स्वतंत्र ट्रस्ट काढू नका. नोंदणी, लेखापरीक्षण, बँक, विश्वस्तांच्या सभा यांत तुमची आई आणि तुम्ही दमून जाल. विश्वासातल्या एखाद्या मोठ्या संशोधन-धर्मादाय संस्थेत नावाने राखीव निधी ठेवता येतो. पाटी नाही, पण प्रत्येक मंजुरीपत्रावर भावाचं नाव येतं.

सगळ्यात महत्त्वाचं: जेवढे पैसे हातात आहेत तेवढ्याचंच वचन द्या. पुढच्या वर्षी देणग्या येतील या भरवशावर तीन वर्षांचा पगार कबूल करू नका. २०२० च्या साथीत निधीसाठीच्या धावशर्यती आणि दुकानं बंद पडली, आणि कॅन्सर रिसर्च यूकेसारख्या बलाढ्य संस्थेलाही संशोधनाचा खर्च कमी करावा लागला. मोठ्यांना हादरा बसतो तिथे लहानाचा करार मोडतो, आणि करार मोडला की रस्त्यावर येतो तो तरुणच.

झाडाखाली

माझं मूळ मत कायम आहे, हा भार करातूनच उचलला जायला हवा. पण ब्रिजची कल्पना मला पटली. अकरा महिन्यांचं चक्र असलेली मोठी यंत्रणा मधले पाच महिने देऊ शकत नाही. तिची मदत म्हणजे वरातीमागून घोडं. लहान निधी दोन आठवड्यांत निर्णय घेऊ शकतो, आणि ते खरंच त्याचं बळ आहे. एक मागणं मात्र आहे: आजाराची अट घालू नका.

शुक्रतारा

तीन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचतेय. आईलाही वाचून दाखवलं. पाटीचा विषय तिने स्वतःच सोडला. उंबरठांच्या उंदरांपाशी आले तेव्हा म्हणाली, "म्हणजे पाच महिन्यांसाठी दोन वर्षं गेली?"

ब्रिजच करायचं ठरलं आहे. आजाराच्या अटीवर मात्र आमचं एकमत होत नाही. तिला स्वादुपिंडच हवं आहे. तिच्या मनाचा विचार करता मला तिला नाही म्हणवत नाही.

काचपात्र

आईंचं मन मोडू नका. तरी एक सांगतो. पेनिसिलिनच्या टोळीत नॉर्मन हीटली नावाचा तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ होता. १९३९ मध्ये तो रॉकफेलर फेलोशिपवर कोपनहेगनला दुसऱ्याच कामासाठी निघाला होता. युद्ध सुरू झालं, जाता आलं नाही, आणि तो ऑक्सफर्डलाच, पेनिसिलिनच्या कामाचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी यांच्याबरोबर राहिला. पेनिसिलिन शुद्ध करण्याची युक्ती त्याने काढली. २५ मे १९४० ला आठ उंदरांना जंतू टोचले, चौघांना औषध दिलं, आणि हीटली पहाटेपर्यंत त्यांच्याजवळ बसून होता. औषध न मिळालेले चारही मेले. त्या कामाला रॉकफेलर फाउंडेशनचंच अनुदान मिळालं होतं. जे काम करायला माणूस निघाला होता ते हे नव्हतं. अट जितकी घट्ट, तितकी अशी वळणं बंद होतात.

पारवा

मधला मार्ग आहे. पहिली चिठ्ठी स्वादुपिंडावर काम करणाऱ्यांमधून काढा. त्या फेरीत कुणी नसेल तर बाकी सगळ्यांना खुली. आईंचंही राहील.

शुक्रतारा

पारवा, आईला हे मान्य आहे! "पण आधी त्याच्या आजाराला विचारायचं," असं दोनदा म्हणाली.

रात्रपाळी

शुक्रतारा, माझ्याकडून एक अट सुचवते, कारण तुमचा धागा तिथूनच सुरू झाला. पैसे घेणाऱ्याने पहिल्याच महिन्यात एक पान लिहून द्यायचं: माझं काम उद्या थांबलं तर नमुने कुठल्या फ्रीझरमध्ये, कुठल्या कप्प्यात आहेत, यादी कुणाकडे आहे, संमतीपत्रं कुठे आहेत आणि पुढे कुणाला वापरता येतील. तरुण माणूस जातो तेव्हा ही माहिती त्याच्या डोक्यात असते आणि त्याच्याबरोबर निघून जाते.

आणि तुमच्या भावाच्या नमुन्यांबद्दल. ते त्या डॉक्टरच्या मालकीचे नव्हते, संस्थेच्या ताब्यात असतात. तुम्ही तिथल्या नैतिकता समितीच्या सचिवांना पत्र लिहा. भावाने सही केलेल्या संमतीपत्राची तारीख आणि अभ्यासाचं नाव द्या. नातलग म्हणून विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्या डॉक्टरलाही पत्राची प्रत पाठवा. तिला अपराधी वाटत असेल, तिला सांगा की तुम्ही तिला दोष देत नाही.

शुक्रतारा

संमतीपत्राची प्रत भावाच्या फायलीत सापडली. खाली त्याची सही आहे, हात थरथरत असतानाची. पत्र काल पाठवलं.

उंबरठा

उत्तर आलं की इथे लिहा. वाट बघते आहे.

शुक्रतारा

पाच आठवड्यांनी लिहिते आहे. सचिवांचं उत्तर आलं. नमुने आहेत. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये, नोंदवहीत क्रमांकासकट, रक्ताच्या सहा कुप्या आणि ऊतीचे दोन तुकडे. संमतीत पुढच्या संशोधनालाही परवानगी होती, ती ग्राह्य धरली आहे. त्या डॉक्टरला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की यादी तिच्याकडे अजून आहे आणि रविवारी बसून ती नीट लिहून देईल.

हिशेबनीस, राखीव निधीच्या कराराचा मसुदा आला आहे. त्यात ओव्हरहेड १२ टक्के लिहिलाय आणि रजेचा उल्लेखच नाही. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, जरा बघाल का?